वेगळी चूल : होय / नाही

पट्टण पंचायतीची रिक्षा स्टेशन रोडनं गेली.
भोंगा आधी कन्नडमध्ये बोलला,
मराठीची पाळी आली तोवर रिक्षा वळणाआड.
मला एवढंच ऐकू आलं –
"मागच्या अंगाला… साडेतीनशे फुटांपर्यंत…
फी निम्मी."

माझ्या मागच्या अंगाला गोठा.
म्हैस विकून सहा वर्षं झाली,
दावं अजून खुंटीला.
कौलांचा कारखाना बंद झाला तेव्हा
पगाराऐवजी मिळालेली चारशे कौलं
भिंतीला टेकून, शेवाळ धरून.

खिडकीवर हणबर क्लार्क.
भला माणूस, फॉर्म वाचून दाखवतो.
नाव. उतारा नंबर. मागे तीन फूट सोडले का.
दार रस्त्याकडून की बोळातून.
रकाना सातवा : प्रत्येक अडुगेमने, हौदु, इल्ला.
"प्रत्येक म्हणजे," मी विचारलं, "सगळीच स्वयंपाकघरं?"
हणबर हसला.
"तुमच्यात प्रत्येक म्हणजे सगळे.
आमच्यात प्रत्येक म्हणजे वेगळं.
वेगळी चूल हो, मालक. मांडणार का?
चूल नसली तर सूट नाही."

आमच्या घरात हा शब्द
आई पदर तोंडावर धरून उच्चारायची.
मष्णूदादानं याच गोठ्यात
एका सोमवारी तीन विटा मांडल्या होत्या,
वहिनीनं पहिला भात करपवला
आणि आई आमटीची वाटी घेऊन
अंगणाच्या मधोमध उभी राहिली,
ना इकडे, ना तिकडे,
आमटीवर साय धरेपर्यंत.
चार महिन्यांत दादा लोंढ्याहून मडगावला गेला.
आईच्या बाराव्याला आला, जेवला,
संध्याकाळच्या गाडीनं परत.

आता सरकार म्हणतं, मांडा,
आणि पाच वर्षं घरपट्टी वाढणार नाही.

मी 'होय'वर खूण केली.
पेन चालेना, दोनदा गिरवावी लागली.

मडिवाळर इंजिनियर टेप घेऊन आले.
तीनशे चाळीस. बरोबर.
खिडकी शेजाऱ्याच्या न्हाणीकडे नको,
शोषखड्डा विहिरीपासून लांब,
जिना पुढेमागे घ्यायचा तर आत्ताच पाया जाड करा,
वर अजून दोनशे ऐंशी बसतं.
बोलता बोलता चहा गार केला त्यांनी.

गवंड्यानं चुना खरवडला
तर कोपऱ्यात हातभर काजळी.
"घासून काढू काय?"
मी म्हटलं, राहू दे, वरून गिलावा मार.
का म्हटलं, ठाऊक नाही.

आता तिथं कमलाक्षी हुलकोटी राहते,
सरकारी दवाखान्यातली नर्स, गदगची,
बरोबर कॉलेजातली धाकटी बहीण.
महिना अडीच हजार, लाईट वेगळी.
पहाटे पाचला रोट्टी थापण्याचा आवाज –
पहिले आठ दिवस मी दचकून उठायचो,
गोठ्यात कोण म्हणून.
ती शेंगाचटणी देते, मी तिरफळं देतो,
ती तिरफळांचं काय करते देव जाणे.
भांडण एकदाच झालं, कचऱ्याच्या बादलीवरून,
दोघांनी आपापल्या भाषेत केलं,
म्हणून लवकर संपलं.

परवा मडगावहून फोन.
गुडघ्यांचं सांगून झालं, सुनेचं सांगून झालं,
मग दादा थांबला.
"तू मागं खोली काढलीस म्हणे.
भाडं किती घेतोस रे?"

आता हे चौकशीचं बोलणं
की स्वतःसाठीचं,
चाळीस वर्षांनी ओळखू येत नाही.
मी आकडा सांगितला.
"बरं," म्हणाला.
फोन ठेवला नाही बराच वेळ.
पलीकडे कुणाचातरी कुकर शिट्टी देत होता.

सोमवारी मी पुन्हा खिडकीवर.
हणबरनं चष्मा वर केला, "आता काय, मालक?"
म्हटलं, वरचा मजला. दोनशे ऐंशी.
जिना बाहेरून, पायऱ्या बुटक्या,
कठडा दोन्ही बाजूंनी.

रकाना सातवा आला.
या वेळी मी वाचून घेतला नाही.